साथीला कोण होतं?

भीमसेन जोशींची एखादी जुनी मैफल ऐकून झाली की आपण राग विचारतो, बंदिश विचारतो, साल आणि गाव विचारतो. साथीला कोण होतं, हे क्वचितच विचारलं जातं. विचारलं तरी उत्तर मिळेलच असं नाही. ७८ गतीच्या तबकड्यांवर गायकाचं नाव असे, रागाचं असे, कंपनीचं चिन्ह ठळक असे. तबला कोणाचा, पेटी कोणाची, सारंगी कोणाची, याचा उल्लेख बहुतेक तबकड्यांवर नाही. १९७७ साली अमेरिकेच्या नासाने व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरच्या संगीताची एक तबकडी अंतराळात पाठवली. तीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि आपल्याला तिचा सार्थ अभिमान आहे. साडेतीन मिनिटांच्या त्या ध्वनिमुद्रणात केसरबाई एकट्या नाहीत. तबकडीतल्या संगीताची जी यादी प्रसिद्ध झाली, तीत मात्र नाव फक्त त्यांचंच आहे.

हे पुस्तक अशा न नोंदलेल्या हातांविषयी आहे. महाराष्ट्र-गोव्यातल्या मैफलींत आणि संगीत नाटकांत पेटी, ऑर्गन, सारंगी, तबला आणि तंबोरा वाजवणाऱ्यांची मोठी परंपरा झाली. त्यांची आठवण आपण आदराने काढतो, ‘फार गुणी माणूस’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. ते नेमकं काय करत होते, त्यात अवघड काय होतं, एकाची साथ दुसऱ्याच्या साथीपेक्षा वेगळी कशी ओळखायची, यावर आपण गायकांच्या मानाने फारच थोडं लिहिलं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: साथ ही एकल वादनाची खालची पायरी नाही. ती स्वतंत्र विद्या आहे, तिचे निकष वेगळे आहेत, आणि श्रोत्यांना ते निकष ठाऊक नसतील तर ती विद्या टिकत नाही. साथीदारांचा शालश्रीफळ देऊन सत्कार केल्याने ती टिकणार नाही. ती ऐकता आली पाहिजे.

सुरुवात पेटीपासून करू, कारण सगळ्यांत जास्त कानावर पडणारं आणि सगळ्यांत कमी ध्यानात येणारं वाद्य तेच आहे. सतार किंवा बासरी एकट्याने वाजवणारा कलावंत त्या संध्याकाळी काय वाजवायचं ते स्वतः ठरवतो. राग त्याचा, लय त्याची, षड्ज त्याच्या वाद्यावर ठरलेल्या जागी. पेटीची साथ करणाऱ्याच्या हातात यातलं काहीही नसतं. आज गायक काळी एकमध्ये गाणार, उद्या गायिका काळी चारमध्ये, परवा आणखी कोणी पांढरी दोनमध्ये. पट्टी बदलली की त्याच रागाची बोटं पार बदलतात. काळी एकमधला यमन आणि पांढरी पाचमधला यमन कानाला एकच असतो, पण हाताला ते दोन निराळे राग असतात. स्केल चेंजर पेटीने ही अडचण आता बरीच कमी केली आहे. जुन्या पिढीने मात्र वेगवेगळ्या पट्ट्यांतून एकेक राग घोटून हातावर चढवला होता. शिवाय राग कोणता निघेल याचा नेम नाही. जयपूर घराण्याची गायिका बसंती केदार किंवा खोकर काढेल, आग्र्याचा गायक नोमतोमने सुरुवात करून लयीशी झुंजेल, किराण्याचा गायक एकेका स्वरावर मुक्काम करील. गायकाला आपलं एक घराणं पुरतं. साथीदाराला सगळ्या घराण्यांची चाल ओळखीची असावी लागते.

मैफलीतली थोडी मिनिटं जवळून पाहू. समजा, दरबारी कानड्याचा विलंबित ख्याल चालू आहे आणि गायक मंद्र सप्तकात धैवत-निषादापाशी रेंगाळतो आहे. पेटीवाला त्याच्या मागे, अगदी निमिषभर मागे. पुढे गेला तर गायकाचा विचार आधीच उघडा पडतो. फार मागे राहिला तर स्वर एकमेकांत अडकतात. गायकाने अजून गंधार दाखवलेला नाही, म्हणून पेटीवरही तो येता कामा नये, मग बोटाखाली का असेना. आता गायक गंधारावर येतो. दरबारीतला कोमल गंधार आंदोलित, मध्यमाचा आधार घेत हळूहळू झुलणारा. पेटीच्या पट्टीतून निघणारा गंधार मात्र जागचा हलत नाही. कच्चा साथीदार ती पट्टी दाबून धरतो आणि गायकाच्या झुलत्या स्वरावर जणू खिळा ठोकतो. जाणता साथीदार गंधाराला नुसता स्पर्श करून बोट उचलतो, ऋषभावर थांबतो, डाव्या हाताने भात्याचा दाब कमी करतो आणि ती जागा गायकाला मोकळी करून देतो. गायक श्वास घ्यायला थांबला की शेवटच्या स्वरवाक्याचा तुकडा पेटीतून परत येतो आणि सुरांची धार तुटत नाही. हे सगळं आवर्तनामागून आवर्तन, तासभर, आधी काहीही न ठरवता चालतं. श्रोत्याला गाणं भरून आल्यासारखं वाटतं. ते कशाने भरून आलं, हे सहसा त्याच्या ध्यानात येत नाही.

पेटीची मर्यादा खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडले की शुद्ध गंधार किंचित चढतो. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर नैसर्गिक गंधारापेक्षा तो सुमारे १४ सेंट वर जातो. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याच्या शेजारी हा फरक तयार कानाला लगेच बोचतो. म्हणून काही वादक एका ठरावीक षड्जाला धरून ‘गंधार ट्युनिंग’ करून घेतात आणि पट्टी बदलण्याची सोय सोडून देतात. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटीच तयार केली. वाद्यात सुधारणा होत राहतील, व्हायलाही हव्यात. पण त्याआधीच्या शंभर वर्षांत वादकांनी ही मर्यादा बोटांनी आणि भात्याने झाकली: चढा स्वर धरून न ठेवता, कणस्वरांतून मींडेचा भास निर्माण करून, नको तिथे गप्प बसून. वाद्यात नसलेलं संगीत त्यातून ऐकवणं हे त्यांचं खरं कसब.

या मर्यादेवरच बोट ठेवून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. लायोनेल फील्डन तेव्हा नभोवाणीचे प्रमुख होते, आणि रवींद्रनाथ टागोरांसारख्या मोठ्या माणसाचाही पेटीला विरोध होता. वाद्य परकं आहे, त्यात मींड नाही, श्रुती नाहीत, असे आक्षेप होते. स्वातंत्र्यानंतर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीतही बंदी उठली नाही. साथीपुरती ती सैल व्हायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं. ही तीस वर्षं कोणती होती ते पाहा. केसरबाई, मोगूबाई, अमीर खाँ, मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व हे सगळे त्या काळात गात होते. नभोवाणीच्या स्टुडिओत यांतल्या अनेकांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, जपलं गेलं. त्याच गायकांच्या मैफली ज्यांनी गावोगावी रंगवल्या, त्या पेटीवाल्यांचा हात त्या मुद्रणांत नाही. पेटीवाल्याला नभोवाणीची श्रेणी नाही, श्रेणीमुळे येणारी प्रतिष्ठा नाही आणि पुढच्या पिढीला ऐकायला पुरावाही नाही. साथीदारांच्या उपेक्षेची कारणं शोधताना लोकांच्या अनास्थेबरोबर हा सरकारी निर्णयही मांडावा लागतो.

तरीही महाराष्ट्राने आणि गोव्याने या वाद्याला थोर वादक दिले. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) हे भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसणारे पेटीवादक. १९११ च्या ‘संगीत मानापमान’च्या चाली त्यांच्या, १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांत ते होते, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात त्यांनी भूमिकाही केली आणि संगीतही दिलं. संगीतकार, नट, लेखक अशी त्यांची इतकी रूपं लोकांपुढे आली की पेटी मागे पडली. ‘मानापमान’च्या पदांत ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाचं जे वळण मराठी रंगभूमीला मिळालं, ते गाणं वर्षानुवर्षं बोटांतून काढणाऱ्या वादकाचं देणं होतं, असं मला वाटतं. पु. ल. देशपांड्यांचंही असंच झालं. महाराष्ट्राने त्यांना विनोदकार म्हणून डोक्यावर घेतलं. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’चं संगीत त्यांचं, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण वसंतराव देशपांड्यांसारख्या वाऱ्यासारखं वळणाऱ्या गायकाबरोबर पेटी घेऊन बसणं हे हौशी माणसाचं काम नव्हे. आणि खुद्द वसंतराव उत्तम तबला वाजवत; त्यांच्या लयीच्या बेधडकपणामागे तो तबला आहे, हे किती जणांच्या लक्षात येतं?

पी. मधुकर म्हणजे मधुकर पेडणेकर, त्यांच्या परंपरेतले तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८), मूळचे गोव्यातल्या बोरीचे. रत्नागिरीकडचे गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६), ज्यांच्या ऑर्गनवाचून एका पिढीला नाट्यसंगीताची कल्पनाच करता येत नाही. आप्पा जळगावकर (१९२२–२००९) आणि पुरुषोत्तम वालावलकर, ज्यांनी भीमसेनजींसारख्या गायकांच्या असंख्य मैफली तोलून धरल्या. नागपूरचे मनोहर चिमोटे, ज्यांनी पेटीत बदल करून ‘संवादिनी’ घडवली आणि आयुष्य एकल वादनाला दिलं. बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, जळगावकरांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. सन्मान अगदीच झाले नाहीत असं नाही. पण वालावलकरांची साथ आणि जळगावकरांची साथ यांत फरक काय, हे सांगू शकणारे श्रोते कमी आहेत. दोन गायकांच्या यमनातला फरक मात्र आपण तासभर सांगू शकतो.

संगीत नाटकातला ऑर्गन ही आणखी निराळी गोष्ट. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि मराठी नाटक गाऊ लागलं. पुढे रंगमंचासमोरच्या खड्ड्यात पायपेटी म्हणजे ऑर्गन आला. भाता पायांनी चालतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. पण इथे गायक एका जागी बसलेला नसतो. तो चालतो, बोलतो, रडतो, आणि संवादाच्या शेवटच्या शब्दावरून थेट पदात शिरतो. त्या शब्दाच्या आत ऑर्गनने त्याला सूर द्यायचा असतो, तोही प्रेक्षकाला मुद्दाम दिल्यासारखा वाटू नये इतक्या हलक्या हाताने. वन्समोअर मिळाला की तेच पद नव्या विस्ताराने येणार, आणि तो विस्तार आधी ठरलेला नसतो. बालगंधर्वांपुढे तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष असत. थिरकवाँसाहेबांना पुढे पद्मभूषण मिळालं, देशभर त्यांच्या एकल वादनाची ख्याती झाली. नाटकाच्या पदाला मात्र ते केरवा-दादऱ्याचा सरळ ठेका धरत. एवढ्या तयारीच्या माणसाने तेवढंच वाजवणं आणि त्यातून पद उचलून धरणं, ही कला समजून घेण्याजोगी आहे.

तबल्याची साथ समजायची तर विलंबित एकताल ऐकावा. मात्रा बारा, पण अतिविलंबित लयीत एका आवर्तनाला मिनिटभरही लागू शकतं. ‘धिं धिं धागे तिरकिट तू ना क त्ता धागे तिरकिट धी ना’ हा ठेका तबलजी तासभर वाजवतो आणि त्यात घड्याळाच्या काट्याचा कोरडेपणा येऊ देत नाही. यातली ‘धागे तिरकिट’ ही जोडी आवर्तनात दोनदा येते: तिसऱ्या-चौथ्या मात्रेला आणि नवव्या-दहाव्या मात्रेला. गायक आलापात बुडालेला असतो. दुसऱ्यांदा ती जोडी कानावर आली की त्याला कळतं, सम दोन मात्रांवर आली, आता मुखडा उचलायचा. ती जोडी दाबून वाजवली किंवा भरपूर बोलांनी झाकून टाकली तर गायकाचा आधार सुटतो. डग्ग्याची घुमक किती ठेवायची, दोन मात्रांमधली पोकळी भरायची की तशीच राहू द्यायची, गायक तानेत लय चढवू लागला तर सोबत जायचं की धरून ठेवायचं, हे निर्णय क्षणाक्षणाला होतात. शिवाय दिव्यांच्या उष्णतेने आणि हवेने तबल्याचा सूर बदलतो. तो गायकाच्या लक्षात येण्याआधी हातोडीच्या एका ठोक्याने जागेवर आणायचा असतो. वसंतराव आचरेकरांनी कुमार गंधर्वांना वर्षानुवर्षं केलेली साथ या दृष्टीने ऐकावी. कुमारजींच्या गाण्यात एवढ्या मोकळ्या जागा कशा, याचं निम्मं उत्तर त्या ठेक्यात आहे.

गोव्यात लयीच्या अभ्यासाची फार जुनी मुळं आहेत. ‘लयभास्कर’ म्हणून ओळखले जाणारे खाप्रूमामा पर्वतकर (१८८०–१९५३) एकाच वेळी दोन हातांनी आणि पायांनी वेगवेगळे ताल चालवत, अशी त्यांची ख्याती आहे. संगीतात रमणाऱ्यांखेरीज आज त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? गोव्याच्या कलावंत घराण्यांत मुली गायिका होत आणि त्याच घरांतले पुरुष बहुधा सारंगी किंवा तबला घेऊन त्यांच्या मागे बसत. गाणाऱ्या बाईचं नाव मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचलं की मागच्या वादकाचं नाव घरापुरतं उरत असे. समाजाने गायिकेला टाळ्या दिल्या, पण प्रतिष्ठा दिली नाही. वादकाला दोन्ही दिलं नाही. वाद्यांची उपेक्षा ही नेहमीच सौंदर्यदृष्टीची गोष्ट नसते, तिच्या तळाशी जात आणि प्रतिष्ठा यांचे हिशेब असतात. स्त्रियांच्या बाबतीत हे उलट्या बाजूने दिसतं. गायिका पुढे आल्या, पण तबल्याकडे स्त्रिया येणं समाजाच्या कल्पनेतच बसत नव्हतं. मुंबईच्या आबान मिस्त्री (१९४०–२०१२) यांनी तबलावादन आणि त्याविषयीचं संशोधन या दोन्हींत आयुष्य घातलं. त्यांचं काम आजही हवं तितकं वाचलं जात नाही.

सारंगीवर तर हे ओझं सगळ्यांत जड पडलं. मुख्य तारा तातीच्या, खाली तरफांचा ताफा, आणि तार दाबायची ती बोटाच्या पेराने नाही तर नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीने. मानवी गळ्याच्या इतकं जवळ जाणारं दुसरं वाद्य आपल्याकडे नाही. केसरबाईंच्या साथीला बसणाऱ्या अब्दुल मजीद खाँची सारंगी त्यांच्या गाण्याच्या पसाऱ्याला पुरी पडत असे, हे आजही जाणकार आवर्जून सांगतात. कोठ्याशी नातं जोडलं गेल्याने सारंगी आणि सारंगिये दोन्ही बदनाम झाले, आणि सोयीची पेटी त्यांच्या जागी आली. पंडित रामनारायण यांनी लाहोरच्या नभोवाणीवर साथीपासून सुरुवात केली, फाळणीनंतर दिल्लीत आणि मग मुंबईत आले, चित्रपटांसाठी वाजवलं, आणि शेवटी साथ सोडून देऊन सारंगीला एकल वाद्याची प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांचं यश देदीप्यमान आहे. पण त्यातून एक खंतही उरते. सारंगीला मान मिळाला तो तिने साथ सोडल्यावर. साथीत राहूनही तो मिळायला हवा होता.

तंबोऱ्याचं तर नावच कोणी घेत नाही. गायकाच्या मागे बसलेल्या शिष्याला आपण शिष्य म्हणूनच पाहतो. मिरजेच्या कारागिरांनी घडवलेला तंबोरा — २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं — किती सुरेल बोलेल, हे जवारीवर आणि छेडणाऱ्या बोटावर ठरतं. घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी जिवंत करायची, आणि मग तालाच्या मात्रांशी न जुळवता, एकाच गतीने, एकाच जोराने, दोन-तीन तास छेडत राहायचं. तबला द्रुत लयीत शिरला तरी हाताने त्याच्यामागे धावायचं नाही. तंबोरा डळमळला तर गायकाचा षड्ज डळमळतो. मैफलीत एखाद्या दिवशी ‘आज आवाज लागला’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यातला मोठा वाटा तंबोऱ्याचा असतो.

मग ही विद्या नजरेआड का होते? साथ उत्तम झाली की ती वेगळी ऐकू येत नाही, हे एक कारण. दुसरं कारण आपल्या मोजमापाचं आहे. वादक मोठा की नाही हे आपण त्याच्या एकल वादनावरून ठरवतो, आणि ‘आता साथ करत नाहीत’ हे वाक्य बढतीसारखं वापरतो. तिसरं कारण व्यवहाराचं: पत्रिकेवर नाव बारीक अक्षरात, मानधन गायकाच्या मानाने फारच कमी, निवेदनात नाव शेवटी आणि कधी कधी चुकीचं. या सगळ्याचा परिणाम वादकांवर होतो. ज्याची दाद मिळते ते वाजवलं जातं. श्रोते तिहाईला आणि झपाट्याला टाळ्या देऊ लागले, तसा तबला भरगच्च झाला. पेटी गायकाच्या मागे राहण्याऐवजी प्रत्येक विरामात आपली तान घेऊ लागली. काही जण याला साथीची प्रगती म्हणतात. मला ती साथीची माघार वाटते, आणि तिची जबाबदारी मी वादकांपेक्षा आपणा श्रोत्यांवर अधिक टाकतो. संयमाला दाद मिळत असती तर संयम टिकला असता.

कोणी म्हणेल, मैफल गायकाची असते, साथीदाराने मागेच असावं. मान्य आहे. साथीदाराला पुढे आणावं, गायकाच्या बरोबरीने त्याला वाटा द्यावा, असं हे पुस्तक म्हणत नाही. मागे राहून गाणं मोठं करणं हेच त्याचं काम आहे, आणि ते काम काय आहे ते समजून घ्यावं एवढंच आमचं मागणं आहे. गायकाचं श्रेय याने घटत नाही. आपल्याला सांभाळणारा कोण आहे हे मोठ्या गायकांना नेहमीच ठाऊक असतं. म्हणून तर ते वर्षानुवर्षं त्याच साथीदारांना घेऊन फिरले.

पुढल्या प्रकरणांची मांडणी वाद्यांनुसार केली आहे: आधी पेटी आणि ऑर्गन, मग सारंगी, मग तबला, शेवटी तंबोरा. वाचताना एक करावं. एखादी आवडती मैफल दोनदा ऐकावी. पहिल्यांदा नेहमीसारखी, दुसऱ्यांदा कान मुद्दाम साथीवर ठेवून. पेटी कुठे गप्प बसली, कुठे गायकाला सूर दिला, कुठे हात आवरला. ठेका सम जवळ आल्यावर कसा बदलला. गायकाने अचानक वळण घेतलं तेव्हा किती वेळात साथ तिथे पोहोचली. दोन-तीन मैफलींत हे ऐकू येऊ लागतं आणि मग ऐकणं थांबत नाही.

काही कामं मात्र एकट्या श्रोत्याची नाहीत. जुन्या ध्वनिमुद्रणांतल्या साथीदारांची नावं ठाऊक असलेली माणसं आता थोडी उरली आहेत. त्यांना विचारून ती नावं लिहून ठेवली पाहिजेत. संगीत मंडळांनी पत्रिकेवर साथीदारांची नावं नीट, वाचता येतील अशी छापावीत. संगीत विद्यालयांत साथ हा स्वतंत्र अभ्यासक्रम असावा, आणि तो शिकवायला मैफलींत आयुष्य घालवलेले वादक बोलवावेत. बुजुर्ग साथीदारांशी सविस्तर बोलून, त्यांच्या हाताच्या जागा प्रत्यक्ष वाजवून घेऊन जपाव्यात. त्यांची साथ ऐकू आली तरी ती कशी केली हे फक्त तेच सांगू शकतात. यातलं काहीही खर्चिक नाही, अवघडही नाही. आजवर आपल्याला ते करावंसं वाटलं नाही, इतकंच.

एखादी मुलगी किंवा मुलगा घरी सांगेल, ‘मला साथ करायची आहे,’ आणि त्यावर ‘मग एकल कधी वाजवणार?’ असं कोणी विचारणार नाही, त्या दिवशी या पुस्तकाचं काम झालं असं मी समजेन.